पात्यावरचा चौथा फेरा

३ जून, जेवणं उरकल्यावर

ठिणगे,

मी दोनदा फोन आपटला तेव्हा कुठे तुला कागद आठवला. बरं झालं. फोनवर तू माझं वाक्य पुरं होऊ देत नाहीस. कागदावर तुला मध्ये तोंड घालता येत नाही, हा कागदाचा मोठाच गुण. माझं अक्षर चौथीत गेलं आणि तिथंच राहिलं. लागेल तेवढं वाच, बाकीचं तुझ्या काँप्युटरला विचार.

दोन वर्षांनी पत्र आलं. त्यात "आजी, गुडघे कसे आहेत" ही एक ओळ, आणि आजोबांच्या पात्यावर दोन पानं. गुडघे दुखतात. आता पात्याचं बोलू.

मला समजलं ते असं. तुझी कंपनी लाकूड कापायची यंत्रं बनवते. गोल पातं किती वेगाला थरथरायला लागेल, हे ते प्रत्यक्ष न फिरवता काँप्युटरातच आधी काढायचं, असं काम तुझ्या गळ्यात पडलंय. म्हणजे उंटावरून शेळ्या हाकायच्या. हाक बाई, पगार देतात ना. पण नमुना म्हणून तू पुढं काय केलंस? आमच्या भिंतीवरून उचलून नेलेलं पातं. काँप्युटरातलं पातं एक सूर सांगतंय, आणि खऱ्या पात्यावर टिचकी मारली की दुसराच निघतोय. जुलैअखेर दोन्ही जुळले नाहीत तर काम काढून घेणार आणि तू परत स्क्रूची चित्रं काढत बसणार. म्हणून आता आजी आठवली. आजोबा पातं ठोकायचे कसे?

ते तुला शाळेत असतानाच सांगितलंय, पण तेव्हा तुझं लक्ष खिडकीबाहेर. नवं पातं ताटासारखं सपाट असतं. तसंच लाकडात घातलंस तर कड तापते, तापली की वाढते, वाढली की तिला जागा पुरत नाही आणि ती झालरीसारखी वळवळते. मग फळी सरळ कशी निघणार? म्हणून मधलं अंग आधीच ऐरणीवर ठोकून सैल करून ठेवायचं. मध्य सैल, कड ताणलेली. असं पातं नुसतं उचललं तर आजारी दिसतं, पोट लपलप करतं. जोरात फिरायला लागलं की मग ताठ उभं राहतं. काही बायका पण अशाच असतात. बसवून ठेवलं की खचतात, कामाला जुंपलं की सरळ.

ठोकायचं ते भोकाभोवती गोल फेऱ्यांनी. किती फेरे, किती अंतरावर, ते आजोबांच्या वहीत आहे. वहीही तू नेलीस. वहीत चार फेरे लिहिलेत. पात्यावर चार फेऱ्यांच्या खुणा आहेत, मोजून घे. याहून मला काही ठाऊक नाही. मी नुसतं पातं धरायचे.

भिंतीवर पात्याच्या आकाराचा पांढरा गोल अजून दिसतो. रंग द्यायचा राहिलाय.

आजी


१३ जून

ठिणगे,

चित्रं मिळाली. लाल तिथं ताण जास्त, निळं तिथं कमी, हे मी आपलं आपण ओळखलं. तुझी आई शिलाईचं काम बाजूला ठेवून डोकावली आणि म्हणाली, "उशीच्या अभ्र्याला छान दिसेल." माझ्याच पोटची आहे, पण काय करणार.

तू म्हणतेस वहीप्रमाणे चारही फेऱ्यांचा ताण आधी पात्यात भरलास, मग काँप्युटरातच त्याला टिचकी मारलीस, आणि थरथर मोजलीस. काँप्युटर सेकंदाला एकाहत्तर वेळा सांगतो आणि खरं पातं अठ्ठ्याहत्तर. खरं पातं वरच्या सुरात बोलतं. आणि तू विचारतेस, घोडं कुठं पेंड खातंय?

बघ, भोकाजवळ पातं ज्या दोन चकत्यांत आवळलं जातं त्या नीट आवळल्यात का? सैल असल्या तर सगळं खोटं. पातं खिडकीशी उन्हात ठेवलं होतंस का? अर्धं गार, अर्धं गरम पातं कधी खरं बोलत नाही. आणि त्याचे तीन दात तुटलेत. तुझ्या काँप्युटरातल्या पात्याला सगळे दात आहेत की काय?

हे तिन्ही बघ. बघितलं असशीलच म्हणा, तू आजोबांची नात.

इकडे सगळं ठीक. आजोबांचं दुकान मी अजून रोज उघडते, झाडते आणि दारात खुर्ची टाकून बसते. काम काही नसतं, पण येणारे जाणारे बोलतात, मी त्यांना चार शब्द सुनावते, दिवस मजेत जातो. काल वखारवाला भोंगा आला होता. तुला आठवत असेल, तो बोलायला लागला की शेजारची कबुतरं उडायची.

"वहिनी," म्हणाला, "म्हाताऱ्याच्या हातासारखं पातं आता मिळत नाही हो. नवीन आणतो, आठ दिवसांत नागिणीसारखं डुलतं."

मी म्हटलं, "मग डुलवा. पुंगी वाजवा."

"शेवटची नऊ-दहा वर्षं तर काय हात बसला होता त्यांचा! वय वाढलं तसा हात सुधारला. असं कुणाचं होतं का?"

मी म्हटलं, "चहा घेणार का?"

तुझी आई सांगते, तू नीट जेवत नाहीस. पात्यापायी जेवण सोडणारी आमच्या घरात तू पहिलीच. आम्ही पात्यांमुळे जेवत होतो. गिळ चार घास.

आजी


२१ जून

ठिणगे,

चकत्या आवळलेल्या, पातं सावलीतलं, दात मोजून तेवढेच. बरं.

चौथा फेरा काढून टाक. कडेकडचा सगळ्यात बाहेरचा. तीनच फेऱ्यांचा ताण भर आणि बघ काय होतं.

कुणी सांगितलं, का सांगितलं, ते विचारू नकोस.

आजी


४ जुलै, दुकानात बसून

ठिणगे,

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचून रागावले. दुसऱ्यांदा वाचून जास्त रागावले. तिसऱ्यांदा चहा ठेवला.

तू लिहितेस, "आजी, तीन फेरे ठेवले आणि सत्त्याहत्तर पूर्णांक सहा आलं. जवळजवळ जुळलं. पण मी ते कुणालाच दाखवलेलं नाही." का, तर उत्तर माहीत असताना गणित त्याला नेऊन बसवायचं याला तुमच्यात कॉपी म्हणतात. पात्यावर चार फेऱ्यांच्या खुणा धडधडीत दिसतात, वहीत चार लिहिलेत, आणि तू तीनच धरलेस तर तुमच्या वरच्या मॅडम विचारणार, का? "माझी आजी म्हणाली" हे कारण त्यांच्या फॉर्मात बसत नाही.

मी मनात म्हटलं, काय ही पोरगी! जेवण ताटात वाढून दिलं तर विचारते, चुलीला परवाना आहे का? जुळलं ना? दे आणि मोकळी हो. पण मग वाटलं, हिच्या जागी मी असते तर मी दिलं असतं का? दिलं असतं. आणि पुढच्या पात्याला तोंडघशी पडले असते. कारण पुढच्या पात्यावर कुठला फेरा काढायचा ते मला कोण सांगणार होतं?

तेव्हा कारण ऐक. एकदाच लिहिणार आहे.

आजोबांचे कान गेले. एकदम नाही, वरचे सूर आधी गेले. ठोकलेलं पातं टांगून टिचकी मारली की ते बोलतं. चांगलं असलं तर लांब आणि स्वच्छ वाजतं, बिघडलं असलं तर फाटक्या परातीसारखं. त्यांना दोन्ही सारखंच ऐकू यायला लागलं. दोन पाती परत आली. भोंग्याचंच एक. आजोबा म्हणाले, पोलाद हलकं आलंय. नाचता येईना, अंगण वाकडं. तिसरं परत आलं तेव्हा मी म्हटलं, "तुमचा खांदा दुखतो, हातोडा मला द्या." खांदा काही दुखत नव्हता. पण खांदा दुखतो म्हणणं माणसाला चालतं, कान गेले म्हणणं चालत नाही. ते खडूने फेरे आखून द्यायचे आणि मी मागच्या खोलीत दार लोटून ठोकायचे. बाहेर कुणाला सांगायचं नाही असं त्यांचं म्हणणं, आणि माझंही. वखारवाले बाईने ठोकलेलं पातं घेतात होय! शिक्का त्यांचा, हात माझा. अशी नऊ वर्षं.

म्हणजे मी नुसतं पातं धरायचे हे मी तुला खोटं सांगितलं. हे एक झालं.

आता दुसरं. चार फेरे हा त्यांच्या गुरूचा हिशेब होता, पूर्वीच्या जाड पात्यांसाठी. नवी पाती पातळ. पातळ पात्याला कडेला चौथा फेरा मारला की कडही सैल होते, आणि मध्यात केलेली सगळी मेहनत पाण्यात. हे मला पहिल्याच महिन्यात कानाने कळलं. मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, "तू मला शिकवणार?" तेव्हा शिकवलं नाही. तीन फेरे नीट ठोकले, आणि चौथ्या फेऱ्याला मोठा हातोडा ठेवून दिला आणि खिळे ठोकायची अरुंद तोंडाची हातोडी घेतली. हलक्या हाताने टिक टिक टिक. वर खूण उठते, आतल्या पोलादाला पत्ताही लागत नाही. ते आले की वाकून बोटाने खुणा मोजायचे. चार फेरे, बरोबर. समाधान व्हायचं. पातं समाधानी, वखारवाला समाधानी, ते समाधानी. मीही.

तुझ्या पात्यावरचा चौथा फेरा तसला आहे. नवऱ्याला दाखवायला काढलेला.

आता तिसरं, तेही सांगून टाकते, नाहीतर परत पत्र लिहायला लावशील. आजोबा गेल्यावर दुसऱ्या आठवड्यात तू ते पातं भिंतीवरून काढलंस आणि घरभर माणसं असताना मी तुला चोर म्हणाले. तुला वाटलं, म्हातारीचा नवऱ्याच्या वस्तूवर किती जीव. जीव कसला! तू कंपनीत न्यायचं म्हणालीस, यंत्राखाली घालायचं म्हणालीस. यंत्राला खोटी खूण कळली असती. मी घाबरले होते, आणि घाबरले की मी ओरडते. तू बॅग उचलून गेलीस.

चोर म्हणाले ते मागे घेते. आगाऊ म्हणाले होते, ते नाही.

हे तुझ्या फॉर्मात कुठं बसतं ते तू बघ.

आजी


१५ जुलै

ठिणगे,

तू चिडशील असं वाटलं होतं, तेवढी चिडली नाहीस. "मग माझे आजोबा कुठले खरे?" असं विचारलंस तेवढंच. अगं, सगळेच खरे. त्याआधी तीस वर्षं त्यांनीच ठोकली की पाती, आणि मला जे येतं ते त्यांचं बघूनच आलं. कान जाणं हा काही गुन्हा नाही. हट्ट होता, तो मलाही आहे. त्यांना चौथ्या फेऱ्याचं कधी कळलं नाही. कळलं असतं तर भांडले असते, आणि मी हरले नसते.

आता मॅडमचं. त्या म्हणतात, कारण पटण्यासारखं आहे पण ते एका म्हातारीचं तोंडी बोलणं झालं, पुरावा हवा. बाईला अक्कल आहे, मला आवडली. आणि पुरावा म्हणजे पातं कापायचं. कडेपासून भोकापर्यंत एक सरळ चीर द्यायची. ताण आत असेल तर चीर कडेला उघडणार. तू आधीच काढून ठेवलंस की चार फेरे खरे असले तर पाऊण मिलिमीटर उघडेल, तीनच असले तर दीड. म्हणजे एका पुठ्ठ्याइतकी की दोन पुठ्ठ्यांइतकी. आणि एकदा कापलं की पातं संपलं, म्हणून माझी परवानगी मागतेस. उचलून नेताना मागितली नव्हतीस, ही सुधारणा आहे.

तुझ्या आईला सगळं वाचून दाखवलं. सगळं म्हणजे सगळं. तिने शिलाई मशीनचं चाक हाताने धरून थांबवलं. मग म्हणाली, "तरीच दुपारी दार लावून तू काय करतेस कळायचं नाही. मला वाटायचं झोपतेस."

"ऐरणीवर झोपते होय कुणी?"

"पण आई, कापायचं कशाला? बाबांचं तेवढंच उरलंय."

मी म्हटलं, "तू उरलीस ना? की तुलाच कापायला मागितलंय?"

मग ती हसली. हसता हसता डोळे पुसले, मी बघितलं नाही असं दाखवलं.

तेव्हा काप. माझं बोलणं खरं का खोटं ते मलाही एकदा बघू दे. नऊ वर्षांत मला कुणी विचारलं नाही आणि मीही कुणाला सांगितलं नाही, त्यामुळे आता कधीकधी माझीच मला शंका येते की चौथ्या फेऱ्याला हात खरंच तेवढा हलका होता का? दीड आलं तर तुझं काम राहील. पाऊण आलं तर तुझं काम जाईल आणि मी खोटारडी म्हातारी ठरेन, नवऱ्यापेक्षा आपल्याला जास्त कळतं असं वाटणारी. तशा पुष्कळ आहेत, त्यात एक भर.

कापताना सावकाश. पातं तापू देऊ नका, तापलं तर ताण सुटेल आणि पुरावाच जाईल. पाणी सोडत राहा. आणि चिरेच्या समोर तू उभी राहू नकोस. ताण सुटताना पातं खाडकन आवाज करतं, घाबरशील. घाबरलीस की तूही ओरडतेस, माझ्यावर गेली आहेस.

आजी


२९ जुलै

ठिणगे,

पत्र आलं तेव्हा मी दारात बसले होते. पोस्टमनला थांबवून ठेवला आणि त्याच्यासमोरच फोडलं, म्हटलं काही वाईट असलं तर शिव्या द्यायला कुणी तरी हवं. त्याची सुटका झाली.

एक पूर्णांक सहा.

मी ते मोठ्यांदा वाचलं. पोस्टमन म्हणाला, "कुणाला ताप आलाय का?" मी म्हटलं, "नाही, उतरला."

काम तुझ्याकडेच राहिलं, मॅडमनी सही केली, आणि आता प्रत्येक पात्याला आधी खरं किती ठोकलंय ते तपासायचं, मगच गणित मांडायचं, असा नियम झाला. चांगला नियम. वहीत काय लिहिलंय आणि लोखंडात काय आहे या दोन वेगळ्या गोष्टी, हे तुमच्या एवढ्या शिकलेल्या माणसांना एका पुठ्ठ्याच्या फरकाने कळलं, हेही काही कमी नाही.

तू विचारतेस, दीड म्हटलं होतं आणि एक पूर्णांक सहा आलं, तो वरचा एक दशांश कुठला? गणितात सापडत नाही म्हणतेस. नाही सापडायचा. ते पातं ठोकलं त्या सकाळी आजोबा म्हणाले होते की माझ्या बहिणीच्या हातचा चहा माझ्यापेक्षा बरा असतो. तिसरा फेरा मी जरा जोरात घेतला. हे रिपोर्टात लिहू नकोस.

रिपोर्टात पातं ठोकणाऱ्याचं नाव काय लिहू, हेही विचारलंस. शिक्का कुणाचा ते लिही, आजोबांचा. हात कुणाचा तेही लिही. लपवायचं म्हणून नऊ वर्षं लपवलं, आता कापून दाखवल्यावर काय लपवायचं राहिलंय?

भोंग्याला मी स्वतःच सांगितलं. परवा आला तेव्हा चहा दिला आणि म्हटलं, "ती चांगली पाती मी ठोकायचे." त्याने कप तोंडाशी नेला. कबुतरं जागची हलली नाहीत. मला वाटलं, आता म्हणेल, फसवलंत वहिनी. कप खाली ठेवला आणि म्हणाला, "मग बंद का केलंत?"

मी त्याचा कप विसळला, ठिणगे, आणि विसळता विसळता मला कळलं. शिक्का असलेला माणूस गेला म्हणून मी हातोडा ठेवून दिला, आणि दोन वर्षं खुर्ची टाकून बसले, आणि हे एकदाही डोक्यात आलं नाही की हात तर माझेच होते, ते कुठे गेलेत?

भोंग्याचं पहिलं पातं काल ठोकायला घेतलं. तीन फेरे. चौथ्याचा प्रश्नच नाही, आता कुणाला दाखवायचंय? खांदा भरून आलाय, खरंच भरून आलाय या वेळी. पण वाजलं स्वच्छ.

आणि मॅडमचा निरोप वाचला. दहा कोरी पाती देणार, मी ठोकायची, एकेक घाव तू मोजून लिहून घ्यायचास, आणि मग काँप्युटरने ओळखायचं की कुठलं पातं कसं वाजेल. मला चालेल. त्याला जिंकू द्यायचं की नाही ते मी तिथं आल्यावर ठरवीन. बसायला पाठीचं स्टूल हवं, खोलीत उजेड डावीकडून हवा, आणि मी ठोकत असताना कुणी पाठीमागे उभं राहून "वा" म्हणायचं नाही.

तुमच्याकडची ऐरण चालणार नाही. नवी ऐरण घाव परत फेकते, मला माझीच लागेल. ती इथून न्यावी लागेल. तुझ्या आईच्या पाठीत दम नाही आणि भोंगा नुसता तोंडाने उचलतो. मला ती एकटीला हलत नाही. दोघी लागतील.

रविवारी ये. गाडी मोठी आण.

आजी